एकदम सही!

मंडळी, आपल्या कॉलेजात सहीशिवाय पान हलत नाही. जर्नलवर सही, टर्मवर्कवर सही, गेटपासवर रेक्टर मॅडमची सही, मेसच्या रजिस्टरमध्ये सही आणि सगळ्यात महत्त्वाची म्हणजे हजेरीच्या शीटवरची सही! या लेखात मी आणखी एका सहीबद्दल सांगणार आहे. या सहीला शाई लागत नाही, कागद लागत नाही. ती बंदुकीवर चिकटवतात, आणि ती बंदूकही खरी नसते. (तेव्हा सिक्युरिटीवाल्या काकांनी घाबरून जाऊ नये.)

विषय आहे काउंटर-स्ट्राइक या गेममधल्या ऑटोग्राफ स्टिकर्सचा. आमच्या विंगमध्ये चार-पाच जणी हा गेम खेळतो आणि जवळजवळ सगळ्याच स्टिकर्स जमवतो. "कॉम्प्युटरमधलं चित्र विकत घेता? वेड लागलंय का?" हा प्रश्न आम्हाला घरच्यांपासून लॅब असिस्टंटपर्यंत सगळ्यांनी विचारून झाला आहे. प्रत्येकाला वेगळं उत्तर देण्यापेक्षा एकदाच छापून टाकावं म्हटलं. माझं मराठी कॉन्व्हेंटचं आहे, तेव्हा ऱ्हस्व-दीर्घ सांभाळून घ्या, ही विनंती.

बंदुकीला नटवायचं कशाला?

आधी थोडा इतिहास. काउंटर-स्ट्राइकची सुरुवात १९९९ मध्ये झाली. मिन्ह ली आणि जेस क्लिफ या दोघांनी 'हाफ-लाइफ' या गेमवर बसवलेला तो एक मॉड होता. २००३ मध्ये त्याची १.६ ही आवृत्ती आली. आपल्याकडच्या सायबर कॅफेत तासाच्या हिशोबाने जी खेळली जायची ती हीच. आपल्या स्टाफमधल्या काही सरांना 'डस्ट टू' म्हटल्यावर आजही चेहऱ्यावर हसू येतं, ते त्यामुळेच! २०१२ मध्ये 'ग्लोबल ऑफेन्सिव्ह' आलं आणि सप्टेंबर २०२३ मध्ये त्याच्या जागी 'काउंटर-स्ट्राइक २' आलं. कंपनी एकच, व्हॉल्व्ह.

ऑगस्ट २०१३ च्या एका अपडेटने या गेमची सगळी गणितं बदलली. त्या दिवसापासून बंदुकांना 'स्किन' मिळाल्या, म्हणजे वेगवेगळे रंग आणि नक्षी. स्किन लावल्याने गोळी जास्त जोरात लागत नाही की नेम सुधारत नाही. फायदा शून्य, नुसती शोभा. फेब्रुवारी २०१४ मध्ये त्यावर चिकटवायला स्टिकर्स आले. त्याच वर्षी मार्चमध्ये पोलंडमधल्या कातोविचे इथे मोठी स्पर्धा झाली, तेव्हा खेळणाऱ्या संघांचे स्टिकर्स निघाले. आणि ऑगस्ट २०१५ मध्ये, जर्मनीतल्या कोलोन इथल्या स्पर्धेच्या वेळी, पहिल्यांदा खेळाडूंच्या सह्यांचे स्टिकर्स आले.

आता शोभेचीच वस्तू लोक का घेतात? याचं उत्तर आपल्या बाबा-काकांना विचारा. सचिनच्या बॅटवर एमआरएफ लिहिलेलं असायचं, म्हणून गल्लीतल्या प्रत्येक बॅटवर एमआरएफचा स्टिकर लागायचा. नाहीच मिळाला तर मार्करने लिहायचं. त्या स्टिकरने कुणाचा स्ट्रेट ड्राइव्ह सुधारला नाही. पण बॅट हातात घेतली की वाटायचं ना काहीतरी! बस, तेच.

स्टिकर म्हणजे नक्की काय?

इंजिनीअरिंग कॉलेजचं मासिक आहे म्हणून थोडं टेक्निकल सांगते. बंदूक म्हणजे एक थ्री-डी मॉडेल. त्याच्यावर स्किनचं टेक्स्चर गुंडाळलेलं असतं आणि स्टिकर म्हणजे त्याच्यावर बसवलेलं आणखी एक छोटं चित्र. साधा 'पेपर' स्टिकर सगळ्यात स्वस्त. मग चमचमणारे ग्लिटर किंवा फॉइल, बघायच्या कोनानुसार रंग बदलणारे होलो आणि सगळ्यात वर सोनेरी. कुठल्या स्पर्धेत कुठले प्रकार, हे बदलत आलं आहे.

अकाउंटच्या बाजूने पाहिलं तर स्टिकर म्हणजे सर्व्हरवरच्या डेटाबेसमधली एक नोंद. तुम्ही तो बंदुकीवर लावला की ती नोंद पुसली जाते आणि बंदुकीच्या नोंदीत 'अमुक जागी अमुक स्टिकर' एवढं लिहिलं जातं. हा प्रवास एकाच दिशेचा आहे. लावलेला स्टिकर काढून दुसऱ्या बंदुकीवर लावता येत नाही, परत विकता येत नाही. तो फक्त खरवडता येतो. थोडा थोडा खरवडत गेलं की झिजतो आणि शेवटी नाहीसा होतो. आधी बहुतेक बंदुकांवर स्टिकरच्या चार ठरलेल्या जागा असायच्या. फेब्रुवारी २०२४ पासून पाच स्टिकर्स लावता येतात, तेही हवे तिथे, हवे तसे फिरवून.

हे स्टिकर्स यायचे 'कॅप्सूल'मध्ये. कोलोन २०१५ ला एका कॅप्सूलची किंमत होती ९९ सेंट, म्हणजे डॉलरला एक सेंट कमी. आत कोणाची सही निघेल ते उघडेपर्यंत कळत नाही. याबद्दल पुढे बोलणारच आहे. पण यातली एक गोष्ट मला मनापासून आवडते. स्टिकर्सच्या विक्रीतला अर्धा वाटा खेळाडूंना आणि त्यांच्या संघांना जातो. एकट्या कोलोन २०१५ च्या स्टिकर्समधून त्यांना ४२ लाख डॉलरपेक्षा जास्त रक्कम मिळाली. त्या स्पर्धेचं बक्षीस किती होतं माहितीये? सगळं मिळून अडीच लाख डॉलर! म्हणजे पहिल्या फेरीत हरून घरी गेलेल्या पोरालाही त्याच्या सहीने काहीतरी मिळवून दिलं.

ही सही खरी का?

आमच्या वादविवादातला हा सगळ्यात जुना मुद्दा. खेळाडू स्वतःच्या हाताने सही करतो, हे खरं. पण एकदाच! त्यानंतर तिच्या लाखो प्रती निघतात आणि सगळ्या तंतोतंत सारख्या. वानखेडेबाहेर तासभर उभं राहून वहीवर घेतलेली सही आणि ही सही एक कशी?

एक नाहीच. पण खिशातली नोट काढून बघा. तिच्यावर रिझर्व्ह बँकेच्या गव्हर्नरांची सही आहे. गव्हर्नरसाहेबांनी तुमची नोट कधी हातात घेतलेली नाही. तरी त्या सहीला अर्थ आहे, कारण ती सांगते की अमुक माणूस अमुक काळात त्या खुर्चीवर होता आणि त्याने शब्द दिला होता. ऑटोग्राफ स्टिकरचंही असंच आहे. त्याच्यावर नुसती सही नसते, स्पर्धेचं गाव आणि वर्षही त्याच्या नावातच असतं. 'सिम्पल, स्टॉकहोम २०२१' हा एक स्टिकर. 'सिम्पल, पॅरिस २०२३' हा दुसरा.

म्हणून मी म्हणते, ही सही म्हणजे ऑटोग्राफ कमी आणि हजेरी जास्त. फरक एवढाच की इथे प्रॉक्सी चालत नाही.

हजेरीपटावरच्या गोष्टी

या गेमच्या सगळ्यात मोठ्या स्पर्धांना 'मेजर' म्हणतात. सह्या निघतात त्या मेजरच्या. आणि हा हजेरीपट नीट वाचला तर त्यात कादंबऱ्या आहेत.

डेन्मार्कचा डुप्री घ्या. ग्लोबल ऑफेन्सिव्हच्या काळात एकूण १९ मेजर झाल्या, २०१३ च्या शेवटापासून पॅरिस २०२३ पर्यंत. एकोणीसच्या एकोणीस मेजर खेळलेला तो एकमेव खेळाडू! १०० टक्के अटेंडन्स. आपल्यात ७५ टक्क्यांसाठी मेडिकल सर्टिफिकेट शोधत फिरणाऱ्यांनी याचा स्टिकर दारावर लावावा. त्यातल्या पाच मेजर त्याने जिंकल्या. चार अस्ट्रालिस संघाकडून आणि शेवटची, पॅरिसची, व्हिटॅलिटीकडून.

युक्रेनचा सिम्पल घ्या. स्टॉकहोम २०२१ त्याच्या नावी संघाने एकही मॅप न हरता जिंकली. पण २०२४ मध्ये कोपनहेगनला तोच संघ पुन्हा विजेता झाला तेव्हा सिम्पल संघात नव्हता. त्यामुळे 'सिम्पल, कोपनहेगन २०२४' असा स्टिकरच नाही. हा खेळ कोळून प्यायलेला माणूस, पण त्या दिवशी वर्गात नव्हता, म्हणून सही नाही. त्याच वर्षी डिसेंबरमध्ये शांघायला रशियाचा डॉन्क जिंकला, वय वर्षं १७. बारावीच्या वयाचा मुलगा स्पर्धेतला सर्वोत्तम खेळाडू ठरला.

२०२० चं पानही असंच. त्या वर्षी रिओला होणारी मेजर कोविडमुळे झालीच नाही. संघांचे स्टिकर्स निघाले, पण खेळाडूंच्या सह्या नाहीत. बर्लिन २०१९ आणि स्टॉकहोम २०२१ च्या मधली ती रिकामी जागा पाहिली की आपल्या शाळेचं ते ऑनलाइन वर्ष आठवतं.

पण मला सगळ्यात जास्त विचारात पाडणारी गोष्ट वेगळी आहे. आयबायपॉवर नावाचा एक अमेरिकन संघ होता. ऑगस्ट २०१४ मध्ये तो एक साधा सामना ठरवून हरला. मोबदला म्हणून काय मिळालं? स्किन्स! याच, शोभेच्या, बंदुकीला रंग देणाऱ्या महागड्या वस्तू. जानेवारी २०१५ मध्ये व्हॉल्व्हने त्यातल्या चौघांवर बंदी घातली. ऑटोग्राफ स्टिकर्स आले त्यानंतर सात महिन्यांनी. त्यामुळे अमेरिकेतल्या त्या वेळच्या सगळ्यात हुशार पोरांपैकी चौघांची सही कुठल्याच मेजरच्या स्टिकरवर नाही, कधीच आली नाही. पाचवा होता स्कडूडल. त्याने काही घेतल्याचं आढळलं नाही, त्याच्यावर बंदी आली नाही. जानेवारी २०१८ मध्ये बॉस्टनला क्लाउड९ संघाने फेझ संघाला हरवून मेजर जिंकली. अमेरिकन संघाने जिंकलेली ती पहिली मेजर, आणि त्या संघात स्कडूडल होता. 'स्कडूडल, बॉस्टन २०१८' हा स्टिकर बघताना मला त्याच्या बाजूला न छापल्या गेलेल्या चार सह्याही दिसतात. चार पोरांनी शोभेच्या वस्तू घेतल्या आणि सही गमावली.

चिकटवायचा की ठेवायचा?

आता विंगमधला ज्वलंत प्रश्न! कॅप्सूलची विक्री काही काळाने कायमची बंद होते. नवीन स्टिकर तयार होत नाही. आणि जो कोणी चिकटवतो, तो शिल्लक साठ्यातला एक कमी करतो. पुरवठा फक्त घटतच जाणार. म्हणून कातोविचे २०१४ च्या काही होलो स्टिकर्सचे व्यवहार हजारो डॉलर्सना होतात. (त्यात त्याच आयबायपॉवरचा स्टिकर आहे, हे विशेष!) म्हणजे गंमत बघा, चिकटवला तर किंमत गेली आणि कोणीच चिकटवला नाही तर किंमत वाढली नसती. स्टिकर लावलेली बंदूक विकली तर स्टिकरच्या किमतीचा बहुतेक वेळा छोटासा भागच परत मिळतो.

माझ्या रूममेटकडे डॉन्कचा शांघायचा होलो होता. सेलमध्ये स्वस्तात घेतलेला. एटीकेटीचा फॉर्म भरायची तारीख जवळ आली आणि घरून पैसे यायला उशीर झाला, तेव्हा हिला वाटलं की स्टिकर विकून फी भरू. तेव्हा आम्ही दोघींनी बसून हिशोब केला. स्टीमच्या बाजारात एकूण १५ टक्के कट असतो. घेणाऱ्याने ११५ रुपये दिले तर विकणाऱ्याला १०० मिळतात. बरं, ते १०० सुद्धा जातात स्टीमच्या वॉलेटमध्ये. तिथून बँकेत येत नाहीत! त्या पैशातून फक्त आणखी गेम आणि आणखी स्टिकर्स घेता येतात. म्हणजे आपल्या मेसच्या कूपनसारखं झालं, मेसबाहेर चहाही मिळत नाही.

मग कोणीतरी बाहेरच्या एका वेबसाइटची लिंक पाठवली, 'इथे यूपीआयवर पैसे मिळतात' म्हणून. लॉगिनचं पान हुबेहूब स्टीमसारखं. आमच्या फायनल इयरच्या ताईंनी फक्त वरचा पत्ता बघितला आणि म्हणाल्या, "अगं, स्पेलिंग बघ." एक अक्षर जास्त होतं. पासवर्ड टाकला असता तर स्टिकरच काय, अख्खं अकाउंट गेलं असतं.

फॉर्मचे पैसे शेवटी विंगमध्ये वर्गणी काढून भरले, घरून आल्यावर तिने सगळ्यांचे परत केले. त्या रात्री तिने तो होलो तिच्या एके-४७ वर लावला. मी म्हटलं, "अगं, भाव वाढतोय ना?" ती म्हणाली, "वाढू दे की. विकून त्याच दुकानातलं काहीतरी घेणार ना मी? मग हेच घेतलं समज." याच्यावर मला उत्तर सुचलं नाही. अजून सुचलेलं नाही.

ज्युनिअर्ससाठी चार गोष्टी

प्रत्येक छंदात एक खड्डा असतो, इथला खड्डा खोल आहे. म्हणून थोडं ताईगिरी करते.

एक, कॅप्सूल किंवा पेटी उघडणं म्हणजे लॉटरी. प्रोबॅबिलिटी आपल्याला एम-थ्रीत असो की एम-फोरमध्ये, दुकानदार तोट्यात जाईल असा डाव कधीच मांडत नाही. बेल्जियम आणि नेदरलँड्समध्ये २०१८ पासून पेट्या उघडणं बंद आहे, ते उगीच नाही. एखाद्या खेळाडूची सही हवीच असेल तर ती थेट बाजारातून घ्या. पेपर स्टिकर पुष्कळदा वडापावपेक्षा स्वस्त पडतो.

दोन, स्किन्स लावून जुगार खेळवणाऱ्या साइट्सच्या वाटेला जाऊ नका. जुलै २०१६ मध्ये व्हॉल्व्हनेच अशा २३ साइट्सना नोटिसा पाठवल्या होत्या. आपल्याकडेही ऑगस्ट २०२५ मध्ये संसदेने कायदा करून पैसे लावून खेळायच्या ऑनलाइन गेम्सवर बंदी आणली, आणि त्याच कायद्याने ई-स्पोर्ट्सला मान्यता दिली. दोन्हीतला फरक लक्षात ठेवा.

तीन, याला गुंतवणूक म्हणू नका. ऑक्टोबर २०२५ मध्ये एक अपडेट आलं. लाल दर्जाच्या पाच वस्तू देऊन चाकू किंवा हातमोजे मिळवता येतील, एवढाच बदल. चाकूंचे भाव एका रात्रीत कोसळले. ज्या बाजाराचे नियम एकच कंपनी एका रात्रीत बदलू शकते, तिथे सेमिस्टरची फी ठेवायची नसते.

चार, स्वतःला एक मर्यादा घाला. मी महिन्याला एका पिक्चरच्या तिकिटाएवढे पैसे ठरवले आहेत. संपले की पुढच्या महिन्यापर्यंत फक्त बघायचं. बघायला पैसे पडत नाहीत.

आपली ओळ रिकामी

माझ्या संग्रहात आता बावीस सह्या आहेत. बहुतेक पेपर, दोन होलो, सोनेरी एकही नाही. डेन्मार्क, युक्रेन, फ्रान्स, ब्राझील आहेत. पण सगळ्यात लाडक्या आहेत द मंगोल्झ संघाच्या पोरांच्या. मंगोलिया! अख्ख्या देशाची लोकसंख्या साधारण ३५ लाख, म्हणजे आपल्या पुण्याहून कमी. जून २०२५ मध्ये ऑस्टिनच्या मेजरमध्ये हा संघ फायनलला पोचला आणि व्हिटॅलिटीकडून २-१ असा हरला. आम्ही विंगमध्ये सगळ्या मंगोलियाच्या बाजूने ओरडत होतो. व्हायवा दुसऱ्या दिवशी होती, असो.

आणि भारत? आपल्याकडे गेम खेळणारे कोट्यवधी आहेत, मुंबईत या गेमचे सर्व्हर आहेत. पण २०१३ ते २०२५ या काळात एकही भारतीय संघ मेजरपर्यंत पोचला नाही. त्यामुळे संघाचा स्टिकर नाही, सह्या नाहीत. हजेरीपटावर आपली ओळच नाही. लोक कारणं सांगतात. सगळे मोबाइलवर खेळतात, चांगला पीसी महाग, घरचे ओरडतात, नोकरी लागली की खेळ सुटतो. सगळी खरी आहेत. पण उलानबातरमधल्या पोरांच्या घरचे काय आरती ओवाळत होते?

माझा नेम यथातथाच आहे, तेव्हा ती ओळ काही माझ्याने भरली जाणार नाही. पण आपल्याच बॉईज हॉस्टेलमध्ये असे दोघं-तिघं आहेत की ज्यांच्यासमोर कोपऱ्यातून डोकं काढायची आमची हिंमत होत नाही. त्यांच्यासाठी माझ्या एके-४७ वर पाचपैकी एक जागा मी मुद्दाम रिकामी ठेवली आहे.

फक्त सही जरा वाचता येईल अशी करा रे. जर्नलवर करता तशी नको!